शिष्य घरी येतो तेव्हा

सांगलीच्या एका शाळेत मी एकतीस वर्षं मराठी शिकवलं. आता निवृत्त होऊन साताऱ्याच्या घरी परतलोय. वर्गात नारायण वामन टिळक आले की 'फुलामुलांचे कवी' एवढ्यावर मी भागवायचो. परीक्षेला तेवढं पुरतं. हा माणूस रेव्हरंड होता, नगरला धर्मशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना शिकवत होता आणि अखेरच्या काळात आपल्याच साताऱ्यात येऊन राहिला होता, हे चाळिशी उलटल्यावर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' नीट वाचताना ध्यानात आलं. मी ख्रिस्ती नाही. तरी मास्तरकी मी बरीचशी या पाळकाकडूनच शिकलो, तीही उशिरा.

१. वर्गात मूल अर्धंच दिसतं.

१९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोंबरे या सोळा-सतरा वर्षांच्या पोराला 'बालकवी' ही पदवी मिळाली. पाठ थोपटणारे पुष्कळ होते. टिळकांनी त्याला नगरला आपल्या घरी आणलं. पोरगा हळवा, रुसका. त्याचे रुसवेफुगवे काढत, त्याला जेवू घालत ते कुटुंब राहिलं.

हे वाचलं होतं, पण खरं उमगलं २००५ च्या पुरात. कृष्णा गावभागात शिरली आणि दहावीतला एक मुलगा आठ दिवस आमच्या विश्रामबागच्या घरी राहिला. वर्गात दोन ओळी धड न लिहिणारा, माझ्या लेखी 'ढ'. तो रोज सकाळी आयर्विन पुलाकडची खबर काढायचा आणि कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर टिपून ठेवायचा. एके दिवशी मी ते पान उलटून पाहिलं. लिहिलं होतं, 'पाणी अजून चढायलंय. बाबा बोलंनात.' दोन वर्षांत मी निबंधाला दिलेल्या एकाही विषयावर कुणी इतकं चांगलं लिहिलं नव्हतं.

२. लाल शाई जपून वापरावी.

'चढायलंय', 'करायलाय' ही सांगलीची रूपं मी वर्षानुवर्षं खोडत आलो. प्रमाणभाषा शिकवायची नाही असं मी म्हणत नाही. नोकरीच्या अर्जात ती लागतेच. पण पोराची बोली खोडली की पोरगं गप्प होतं.

टिळकांनी नेमकं उलट केलं. बंगालातल्या श्रीरामपूरच्या बॅप्टिस्ट मिशनऱ्यांनी, विल्यम कॅरे यांच्या मंडळींनी, मराठी नवा करार १८११ सालीच छापला होता. ग्रंथ मराठीत आला, तरी उपासनेचा सूर परकाच राहिला. टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात आणलं, कीर्तनात उभं केलं. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईला बाप्तिस्मा घेतला, तोही आपल्याच माणसाच्या, तुकारामजी नथोजी या पाळकांच्या हातून. धर्म बदलला, पण तुकोबांशी नातं तोडलं नाही. मला विचाराल तर त्यांचं सगळ्यात मोठं काम हेच.

३. आपल्या उदारपणाचा खर्च कुणाच्या नावावर पडतो, ते पाहावं.

हा धडा मला टिळकांनी नाही, लक्ष्मीबाईंनी दिला. टिळकांचा हात सढळ. घरात कोण येईल, किती दिवस राहील याला धरबंध नाही. थोरपणा नवऱ्याचा आणि पिठाचा डबा बायकोचा! लक्ष्मीबाई हे सारं हसतहसत सांगतात, म्हणून आपणही हसतो. पुस्तक मिटल्यावर मात्र मला ते तितकं हसण्यासारखं वाटेना. पुरातल्या त्या पाहुण्याला 'राहा रे खुशाल' मी म्हणालो होतो. नळाला पाणी नसताना आठ दिवस रांधलं कुणी, हे मी तेव्हा विचारलंही नव्हतं.

४. संस्था टिकली नाही म्हणून माणूस हरला असं नाही.

१९१७ साली टिळकांनी मिशनच्या पगाराची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. त्या काळात हे धाडसच. पण ९ मे १९१९ ला मुंबईत त्यांचं निधन झालं, वय सत्तावन्न, आणि दरबार टिकला नाही. त्याआधी वर्षभर, १९१८ च्या मे महिन्यात, बालकवी भादलीजवळ रेल्वेखाली गेले होते. गुरू आणि शिष्य एका वर्षाच्या अंतरानं गेले.

हाती घेतलेलं ख्रिस्तचरित्रावरचं महाकाव्य 'ख्रिस्तायन'ही अर्धवटच राहिलं. टिळकांनी सुरुवातीचे थोडे अध्याय लिहिले होते; पुढचे साठांहून अधिक लक्ष्मीबाईंनी लिहिले. त्या शाळेत गेलेल्या नव्हत्या. अक्षरओळख नवऱ्यानं करून दिली होती.

५. आपला खरा विद्यार्थी कोण, हे मास्तराला शेवटी कळतं.

हा लेख मी बायकोला वाचून दाखवला. तिसऱ्या मुद्द्याशी तिनं थांबवलं आणि म्हणाली, "त्या आठ दिवसांचं तुम्ही काय लिहिणार? मी लिहिते." तिची चार पानं झाली आहेत. मला अजून दाखवलेली नाहीत.