खारी मत्स्यपेटी : आधी कोण, मागून कोण?

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यपेटीत सगळे मासे एकदम सोडले तर काय होईल? मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास. अशा पाण्यात अमोनिया फारच जहाल. जीवाणू त्याचे नायट्राइट व पुढे नायट्रेट करतात. नव्या पेटीत हे जीवाणू पुरेसे वाढायला ४ ते ६ आठवडे लागतात. मग एका वेळी एकदोनच मासे सोडावेत.

पण पहिला कोण? डॅमसेल बोटाएवढाच, पण भारी भांडखोर! आगगाडीत आधी बसलेला प्रवासी कसा ऐसपैस पसरतो, ते तुम्ही पाहिलेच असेल. तेव्हा भित्रा गोबी आधी, क्लाउन मासा त्यामागून, डॅमसेल अगदी शेवटी. एवढे करूनही भांडण जुंपलेच तर दगडांची मांडणी बदला. जुन्या मालकालाही आपली हद्द नव्याने शोधावी लागते.