लस घेतल्यावरचा अर्धा तास



आपल्या गटांमध्ये आशाताई आहेत, अंगणवाडी सेविका आहेत, मदतनीस आहेत. गावात लसीकरणाचं सत्र असलं की घरोघरी निरोप देणाऱ्या आणि लेकरं गोळा करणाऱ्या याच बाया. "लस घेतल्यावर अर्धा तास बसा" हेही त्याच सांगतात. पण रोवणीचे दिवस असले, बांधीत बाया वाट पाहत असल्या, की सुई टोचून घेतली आणि निघालो असंच होतं. "मागच्या खेपेला कुठं काय झालं?" असं म्हणून आपण उठतो. कधी कधी सांगणाऱ्या ताईच आधी उठतात. म्हणून या पाठात एवढंच समजून घेऊ, की हा अर्धा तास कशासाठी असतो.

ॲलर्जी म्हणजे काय?

आपलं शरीर बाहेरून आलेल्या रोगजंतूंशी लढतं. पण काही जणांचं शरीर निरुपद्रवी गोष्टीलाही शत्रू समजतं. कुणाला झिंगे खाल्ले की अंगावर गांधी उठतात, कुणाला एखाद्या गोळीने ओठ सुजतात. हीच ॲलर्जी. लसीतही औषधाशिवाय ती टिकवणारे काही घटक असतात. त्यातला एखादा घटक क्वचित कुणाला सोसत नाही. ॲलर्जी फार जोरात आली, तर श्वासनलिका आवळते, रक्तदाब घसरतो आणि जीव धोक्यात येतो. डॉक्टर तिला 'ॲनाफिलॅक्सिस' म्हणतात. आपण तिला तीव्र ॲलर्जी म्हणू.

ही किती जणांना होते? अमेरिकेत वेगवेगळ्या लसींच्या अडीच कोटींहून जास्त डोसांची तपासणी झाली. त्यात तीव्र ॲलर्जीच्या ३३ केसेस नक्की झाल्या आणि त्यातलं कुणीही दगावलं नाही. म्हणजे दहा लाख डोसांमागे एखाद-दुसरी. लसीला घाबरायचं कारण नाही, पण त्या एकीसाठी तयारी मात्र हवी.

आरोग्य कर्मचाऱ्यांकडून काय शिकायला मिळालं?

१६ जानेवारी २०२१ ला देशभर कोरोनाची लस सुरू झाली. पहिला मान आरोग्य कर्मचाऱ्यांचा होता. डॉक्टर आणि नर्ससोबत आशा, अंगणवाडी सेविका आणि दवाखान्यातले इतर कर्मचारीही त्यात होते. त्याच दिवशी दिल्लीच्या एम्स रुग्णालयातल्या एका तरुण सुरक्षा रक्षकाला लस घेतल्यावर थोड्याच वेळात अंगावर पुरळ उठलं आणि छाती धडधडायला लागली. तो तिथेच होता म्हणून लगेच उपचार मिळाले. एक रात्र देखरेखीखाली ठेवलं आणि तो बरा झाला.

पुढे केंद्र सरकारच्या समितीने लसीनंतरच्या ३१ गंभीर केसेस तपासल्या. १६ आणि १९ जानेवारीला लस घेतलेल्या विशीतल्या दोघांना तीव्र ॲलर्जी झाल्याचं तिने नोंदवलं. दोघेही दवाखान्यात उपचार घेऊन बरे झाले. पण ८ मार्च २०२१ ला लस घेतलेले ६८ वर्षांचे एक गृहस्थ मात्र तीव्र ॲलर्जीने गेले. कधी तरीच होणारी गोष्ट असली, तरी ती खरी आहे. आपण ती लपवायची नाही.

आता वेळेचा हिशोब पाहा. अमेरिकेत डिसेंबर २०२० मध्ये एका कंपनीच्या लसीचे सुमारे १९ लाख पहिले डोस दिले गेले. त्यात २१ जणांना तीव्र ॲलर्जी झाली. त्यातल्या १५ जणांना पहिल्या १५ मिनिटांतच त्रास सुरू झाला, ३ जणांना १५ ते ३० मिनिटांत आणि ३ जणांना त्यानंतर. म्हणजे २१ पैकी १८ जणांचा त्रास अर्ध्या तासाच्या आतला. त्याच २१ पैकी १७ जणांना आधीपासून कसली ना कसली ॲलर्जी होती.

बोस्टन शहरातल्या दवाखान्यांत तर ६४,९०० कर्मचाऱ्यांवर लक्ष ठेवलं होतं. तीव्र ॲलर्जी १६ जणांना झाली आणि सगळे बरे झाले. लस घेतल्यावर या लोकांवर नजर होती, औषध हाताशी होतं. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावकडच्या जंगलातल्या टोल्यावर दवाखाना लांब असतो, फोनला रेंज मिळेलच असं नाही. म्हणून आपल्याकडे हा अर्धा तास शहरापेक्षाही जास्त मोलाचा.

साधा त्रास, भोवळ की ॲलर्जी?

*साधा त्रास:* हात दुखणे, थोडा ताप, अंग मोडून येणे. हे बहुतेक काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी होतं आणि एक-दोन दिवसांत जातं. ही ॲलर्जी नाही.

*भोवळ:* सुईच्या भीतीने किंवा उपाशीपोटी आल्याने येते. चेहरा पांढरा पडतो, अंग गार पडतं, घाम फुटतो. आडवं करून पाय थोडे वर ठेवले की बाई लवकर सावरते.

*तीव्र ॲलर्जी:* अंगाला खाज, गांधी, ओठ, जीभ किंवा डोळे सुजणे, आवाज घोगरा होणे, छातीतून सूं-सूं आवाज, दम लागणे, एकदम उलट्या किंवा पोटात कळा, नाडी जलद आणि बारीक. आडवं केलं तरी बरं वाटत नाही. उलट मिनिटामिनिटाला वाढत जातं.

कधी कधी अंगावर काहीच उठत नाही, नुसता दम लागतो आणि बाई कोसळते. तेव्हा गांधी दिसण्याची वाट पाहू नका.

असं दिसलं तर

१. लगेच आरोग्य सेविकेला हाक मारा. तिच्या किटमध्ये ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन असतं. मांडीच्या बाहेरच्या बाजूला दिलेलं हे इंजेक्शनच जीव वाचवतं. त्याचा पहिला डोस देऊन रुग्णाला पुढे पाठवायची परवानगी आरोग्य सेविकेला आहे. पित्ताची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही.

२. बाईला आडवं करा, पाय वर ठेवा. दम लागत असेल तर टेकून बसवा. गरोदर असेल किंवा उलटी होत असेल तर डाव्या कुशीवर वळवा. उभं करू नका, चालवत नेऊ नका.

३. तोंडात पाणी, साखर, काहीही घालू नका.

४. एकीने १०८ ला फोन लावा. इंजेक्शनने बरं वाटलं तरी दवाखान्यात न्यायचंच, कारण काही तासांनी त्रास पुन्हा उलटू शकतो.

लस घेण्याआधी सांगा

आधीच्या लसीने, इंजेक्शनने, गोळीने किंवा खाण्याच्या वस्तूने कधी सूज, गांधी किंवा दम लागला होता का, हे स्वतःहून सांगा. आशाताई आणि नर्सताईंनी आणखी एक लक्षात ठेवावं: रबरी हातमोजे घातल्यावर हाताला खाज किंवा पुरळ येत असेल तर तेही सांगा. काही कुप्यांच्या बुचात ते रबर असू शकतं. सांगितलं म्हणजे लस नाकारलीच जाईल असं नाही. डॉक्टर ठरवतील, कदाचित दवाखान्यातच देतील आणि जास्त वेळ बसवतील.

ज्या लसीने तीव्र ॲलर्जी झाली, तिचा पुढचा डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचा नाही. पण म्हणून सगळ्याच लसी बंद, असंही नाही. गरोदरपणातली धनुर्वाताची लस, बाळाच्या लसी यांच्याबद्दल वेगळं विचारा. झालेला त्रास कार्डावर लिहून घ्या. त्याची खबर आरोग्य केंद्राला द्या. अशा केसेसची चौकशी करायला जिल्हा पातळीवर समिती असते. खबर दिली तर चौकशी होते आणि कारण कळतं. नाही दिली तर गावात अफवा फिरते आणि पुढच्या सत्राला लेकरं येत नाहीत.

गटाच्या बैठकीत करायचं काम

– आपल्या गटात कुणाला कशाची ॲलर्जी आहे? प्रत्येकीने सांगा आणि आपापल्या कार्डावर लिहून घ्या.
– सत्राच्या दिवशी अर्धा तास पूर्ण झाला का, हे पाहायला दोघींची पाळी लावा. त्या वेळात बचतीचा हिशोब करता येईल.
– १०८ ची गाडी लवकर आली नाही तर गावात कुणाची गाडी मिळेल? नाव आणि नंबर अंगणवाडीच्या भिंतीवर लावा.
– सत्राच्या जागी पोहोचल्यावर आरोग्य सेविकेला विचारा, "ताई, ॲड्रेनॅलिन आहे ना? तारीख संपली नाही ना?" हे विचारणं म्हणजे अविश्वास नाही.

आणि आशाताई, अंगणवाडीच्या ताई, तुम्ही लस घ्याल तेव्हा तुम्हीही बसा. बाकीच्या बाया तुमचं पाहूनच थांबतात. रोवणी अर्ध्या तासाने सुरू झाली तरी चालेल.