गोवराची लस आणि ऊसतोड कुटुंबांतील बालके

धाराशिव जिल्ह्यातील येडशी हे गाव रामलिंग देवस्थानामुळे सर्वपरिचित आहे. सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्गही येडशीवरूनच जातो. दसरा-दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यातील व शेजारच्या बीड जिल्ह्यातील अनेक ऊसतोड कुटुंबे साखर कारखान्यांच्या परिसराकडे निघतात. संसाराबरोबर तान्ही मुलेही असतात. गाळप हंगाम काही महिने चालतो आणि नेमक्या याच काळात कित्येक बालकांच्या लसीची तारीख उलटून जाते.

देवीचा धडा

महाराष्ट्राला लसीकरण नवे नाही. भारतातील पहिली देवीची लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीला टोचण्यात आली. पुढे ‘देवी काढणे’ हा शब्दप्रयोगच मराठीत रूढ झाला. देशातील देवीचा अखेरचा रुग्ण १९७५ मध्ये आढळला व ८ मे १९८० रोजी जग देवीमुक्त घोषित झाले. ज्या रोगास लोक दैवी कोप मानीत, तो लसीमुळे नाहीसा झाला.

दोन मात्रा कशासाठी?

गोवर मात्र अद्याप गेलेला नाही. तो खोकल्या-शिंकेतून पसरतो. रुग्णाच्या निकट सहवासातील, संरक्षण नसलेल्या दहांपैकी नऊ जणांना त्याची लागण होऊ शकते. २०२२ मध्ये मुंबई, भिवंडी व मालेगाव येथे त्याचा उद्रेक होऊन बालके दगावली.

मातेकडून आलेली प्रतिकारशक्ती सुरुवातीच्या महिन्यांत लसीचा प्रभाव कमी करते. म्हणून गोवर-रुबेलाची पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण होताच देतात. तरीही काही बालकांत पुरेशी शक्ती निर्माण होत नाही. ही उणीव १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान दिलेली दुसरी मात्रा भरून काढते. ती अनावश्यक समजून टाळू नये.

पालकांनी काय करावे?

गाव सोडण्यापूर्वी आशाताईंना किंवा परिचारिकेला बालकाचे कार्ड दाखवून पुढील तारीख विचारून घ्यावी. कार्ड भाकरीच्या गाठोड्याइतकेच जपून सोबत न्यावे. कारखान्याजवळच्या कोणत्याही शासकीय आरोग्य केंद्रात ही लस विनामूल्य मिळते. मात्रा चुकली असल्यास संकोच न करता केंद्रात जावे. पाच वर्षांपर्यंत ती देता येते. लसीनंतर येणारा किरकोळ ताप एक-दोन दिवसांत उतरतो.

मुकादमांनीही टोळीतील बालकांची नोंद ठेवून लसीच्या दिवशी मातेला फडातून सवड द्यावी. एका दिवसाच्या मजुरीपेक्षा बालकाचे प्राण निश्चितच मोलाचे आहेत.