गालिच्यावर नाव कुणाचं?

तायांनो, या वेळचा अभ्यासपाठ जरा लांबच्या मुलखातला आहे, तुर्कस्तानातला. तिथले लोकरीचे गालिचे जगभर प्रसिद्ध आहेत, आणि खेड्यांत ते विणतात बायका. पाठ आहे दोन परक्या माणसांचा. एक हॅराल्ड ब्योमर, जर्मनीहून आलेले रसायनशास्त्राचे शिक्षक. दुसऱ्या जोसेफिन पॉवेल, अमेरिकेत जन्मलेल्या छायाचित्रकार. दोघंही कामासाठी इस्तंबूल शहरात आली, तिथंच राहिली आणि तिथल्या खेड्यांतल्या विणकामात आयुष्याची कित्येक वर्षं घातली. वाचताना एकच प्रश्न डोक्यात ठेवा. बाहेरचं माणूस गावात येऊन "तुमची कला वाचवू या" म्हणतं, तेव्हा शेवटी पैसा, नाव आणि निर्णय कुणाच्या हातात राहतो?

आधी रंगाची गोष्ट, कारण सगळं तिथूनच बिघडलं. जुने गालिचे झाडपाल्याच्या रंगांचे असायचे. लाल रंग एका वेलीच्या मुळांपासून निघायचा. आपल्याकडं काष्ठौषधीच्या दुकानात मंजिष्ठा मिळते ना, तिचीच ही तुर्की बहीण. 1856 मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम पर्किननं पहिला कारखानी रंग तयार केला. 1868 मध्ये जर्मनीतल्या दोघांनी या मुळांतला लाल रंगसुद्धा प्रयोगशाळेत बनवून दाखवला. मग काय, मुळांचा व्यापार बसला. पुड्यातला रंग गावोगावी पोचला. स्वस्त आणि झटपट. पण त्यातले बरेच रंग उन्हात विटायचे, पाण्यात सुटायचे. माल फिका पडला, भाव पडला. आजीला येत होतं ते नातीला सांगायला घरात कुणी उरलं नाही.

ब्योमर 1960 च्या दशकात इस्तंबूलला शिकवायला आले. जुन्या गालिच्यांचे रंग त्यांना वेगळेच वाटले, म्हणून त्यांनी जुन्या लोकरीचे धागे प्रयोगशाळेत तपासले आणि कोणता रंग कोणत्या झाडाचा ते शोधलं. गंमत पुढंच आहे. ती झाडं कुठं गेलीच नव्हती. खेड्यांत शेताच्या कडेला ती रानटी उगवत होती. नाहीशी झाली होती ती फक्त कृती. मरमरा विद्यापीठाच्या सोबतीनं 1981 मध्ये आयवाजिक भागातल्या खेड्यांत काम सुरू झालं, आणि लवकरच मनिसा जिल्ह्यातल्या युंतदाग या डोंगराळ भागातही. प्रकल्पाचं नाव डोबाग. नैसर्गिक रंगांचं संशोधन आणि विकास, या अर्थाच्या तुर्की शब्दांची ती आद्याक्षरं आहेत.

कृती थोडक्यात सांगते, कारण आपल्या गोधडी आणि घोंगडीच्या गटांना ती आवडेल. लोकर आधी तुरटीच्या पाण्यात गरम करून घ्यायची, नाहीतर रंग धरत नाही. मग वाळवून कुटलेल्या मुळांच्या पाण्यात ती मंद आचेवर ठेवायची. खळखळ उकळी फुटली की लाल तपकिरीकडं जातो, म्हणून भांड्यापासून हलायचं नाही. निळ्यासाठी नीळ. निळीच्या भांड्यातून लोकर वर काढली की ती आधी हिरवट पिवळी दिसते, आणि वारा लागला की डोळ्यांसमोर निळी होते. पिवळ्यासाठी रानफुलं. पिवळी लोकर निळीत बुडवली की हिरवा. अक्रोडाच्या सालीचा तपकिरी. सगळा खेळ आचेचा आणि सवयीचा.

आता पॉवेलबाईंकडं वळू. त्या 1919 साली जन्मल्या. शिक्षण समाजकार्याचं (वाचून मला फार बरं वाटलं, मीही तेच शिकले). महायुद्धानंतर त्यांनी निर्वासितांसाठी काम केलं, मग कॅमेरा हाती घेतला आणि पुढं इस्तंबूललाच स्थायिक झाल्या. 2007 साली तिथंच त्या वारल्या. तुर्कस्तानच्या डोंगरांत, गुरं-मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या कुटुंबांत त्या वर्षानुवर्षं हिंडल्या. किलिम म्हणजे आपल्या सतरंजीसारखं सपाट विणकाम, धान्याची पोती, खोगिराच्या पिशव्या, असं सगळं त्यांनी जमवलं. पण नुसतं जमवलं नाही. ही वस्तू कुठल्या लोकांची, कशी विणली, कशासाठी वापरली, हे त्या विचारायच्या आणि टिपून ठेवायच्या. व्यापाऱ्याच्या दुकानात जी "जुनी सुंदर वस्तू" होती, ती त्यांच्या वहीत घर चालवणाऱ्या बाईचं अवजार होती. माझ्या मते ही वही रंगाच्या शोधापेक्षा कमी मोलाची नाही. संग्रहालयात अशा वस्तूंखाली विणणारीचं नाव बहुतेक वेळा नसतंच. आपल्या प्रदर्शनातल्या स्टॉलवर तरी कुठं असतं? गटाचा बोर्ड असतो, गोधडी शिवणारी आत्या मागं बसलेली असते.

डोबागमध्ये पॉवेलबाईही होत्या, आणि युंतदागला जी सहकारी संस्था उभी राहिली तिच्या सभासद बायकाच होत्या. त्या संस्थेचे नियम नीट वाचा. नक्षी विणणारीनं स्वतः निवडायची. कागदावर काढून दिलेला नमुना नाही, घरात आणि गावात पाहिलेल्या नक्ष्या डोक्यातून उतरवायच्या. काम स्वतःच्या घरी, स्वतःच्या मागावर, शेती आणि जनावरं सांभाळून. मजुरी दिवसावर नाही, गालिच्याच्या मापावर. लोकर आणि रंग कसा आहे हे विद्यापीठाची माणसं तपासणार, आणि पास झालेल्या गालिच्याला खात्रीची चिठ्ठी लागणार, विणणारीच्या आणि गावाच्या नोंदीसकट.

ही चिठ्ठी मला फार महत्त्वाची वाटते. लांबच्या गिऱ्हाइकाला रंग खरा की खोटा हे डोळ्यांनी कळत नाही, म्हणून तो घासाघीस करतो. तपासणारा तिसरा माणूस आला की घासाघीस कमी होते. मात्र तपासणी झेपली पाहिजे. एकीनं घाईत पुड्यातला रंग वापरला तर नाव सगळ्यांचंच जातं.

सगळं गोडच आहे असं नाही. हे गालिचे महाग, गिऱ्हाईक परदेशातलं, आणि विकणारे दुकानदार मोजके. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या एका मोठ्या विज्ञानसंस्थेनं त्यांचं प्रदर्शन भरवलं, कौतुक झालं. पण कौतुकावर माग चालत नाही. पुढं मागणी घटली, मुली शिकून शहराकडं गेल्या, आणि विणणाऱ्या आधीपेक्षा कमी राहिल्या. रंगाची विद्या परत आली, पण बाजार गावाच्या हातात पूर्ण आला नाही. फेडरेशनमध्ये आपण विक्रीकेंद्राची चर्चा करतो तेव्हा हे आठवू द्या.

पुढच्या मासिक बैठकीत एवढं करा. गटातल्या एका ताईची एक गोधडी मध्ये ठेवा. कापड, धागा किती रुपयांचा ते लिहा. शिवायला किती दिवस आणि रोज किती तास गेले ते तिला विचारा, अंदाजानं लिहू नका. त्या तासांची मजुरी तुमच्या गावातल्या खुरपणीच्या दरानं काढा. मग गेल्या वेळी ती गोधडी कितीला गेली ते शेजारी लिहा. दोन आकड्यांत फरक किती आणि तो कुणाच्या खिशात गेला, यावर बोला. सचिवताईंनी हिशेब इतिवृत्तात घ्यावा, आणि शिवणाऱ्या ताईचं पूर्ण नावही.