कान किती ऐकतो, हे मोजायचे कसे?

"ह्यांना हाक ऐकू येते हो डॉक्टर, पण बोललेलं कळत नाही." दिघाशीकडच्या गावांतून भिवंडीला मागावर जाणाऱ्या कामगारांच्या घरी अशी तक्रार असते. स्वतः कामगार मात्र कानासाठी सहसा दवाखान्यात येत नाही.

यंत्रमागाच्या कारखान्यात आवाज ९० ते १०० डेसिबलच्या घरात असतो. १० डेसिबल वाढले की ध्वनीची तीव्रता दहापट होते! आठ तासांच्या पाळीसाठी नियमातली मर्यादा ९० ची आहे. अशा आवाजात वर्षे काढली की आतल्या कानातील नाजूक पेशी मरतात. त्या पुन्हा तयार होत नाहीत.

दवाखान्यात आम्ही नादकाटा वापरतो. तो वाजवून कानामागच्या हाडावर टेकवायचा, मग कानासमोर धरायचा. हाडावर मोठा ऐकू आला तर दोष बहुधा मळाचा, पडद्याचा किंवा मधल्या कानाचा. ऐकणे कमी असूनही कानासमोरच मोठा वाटला, तर दोष आतल्या कानाचा किंवा नसेचा. किती कमी, हे मात्र नादकाटा सांगत नाही. त्यासाठी ऑडिओमेट्री.

शांत खोलीत हेडफोन लावून २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे सूर ऐकवतात. ऐकू आला की बटण दाबायचे. जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजाची खूण आलेखावर करतात. साधारण २० डेसिबलपर्यंत कान चांगला.

वाचकहो, फसगत होते ती रिपोर्टातल्या सरासरीने. ती बहुधा ५००, १००० व २००० हर्ट्झची असते. समजा तेथे १५, २० व २५ डेसिबल आले. सरासरी २०, म्हणजे सारे ठीक! पण मागाच्या आवाजाचा पहिला घाव ४००० हर्ट्झच्या आसपास बसतो. तेथे आकडा ५५ असला तरी सरासरीत दिसत नाही. स, श यांसारखी व्यंजने उंच सुरांची. म्हणून हाक कळते, शब्द निसटतो. तेव्हा आलेखावर ४००० पाशी खळगा आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

पाळी संपवून थेट तपासणीला जाऊ नये. कान तात्पुरता बधिर असतो. सुटीनंतर सकाळी जावे. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे किंवा वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत ही सोय आहे. आवाजाने येणारा बहिरेपणा कायद्याच्या सूचनीय रोगांच्या यादीत आहे, म्हणून रिपोर्ट फेकू नका. आणि कापसाचा बोळा पुरत नाही. फोमचे कानप्लग घट्ट बसवून पाळीभर ठेवावेत.