बुळकांडी आणि उपाशी माणसे

इयत्ता चौथीच्या वर्गात 'आपली जनावरे' हा विषय घेताना शिक्षक बहुधा गाईचे उपयोग सांगून थांबतात. जनावर गेले तर ताटातील भाकरी कशी जाते, हे मात्र मुलांपुढे क्वचितच येते. त्यासाठी इथिओपिया देशाचे उदाहरण फार बोलके आहे.

इ. स. १८८७-८८ च्या सुमारास आफ्रिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर बाहेरून आणलेल्या गुरांबरोबर बुळकांडीचा रोग शिरला. हा विषाणूचा रोग. प्रथम ताप, मग डोळ्यांनाकांतून स्राव, तोंडात व्रण, शेवटी अतिसार. आठदहा दिवसांत जनावर आडवे होई. तेथील गुरांना या रोगाची पूर्वओळख नसल्याने त्यांच्या अंगी प्रतिकारशक्ती नव्हती. इथिओपियातील दहांपैकी नऊ गुरे मेली, असा अंदाज केला जातो.

बुळकांडी माणसाला होत नाही. तरीही माणसे मेली, आणि ती अगणित मेली. बैल नाहीत म्हणून नांगर थांबला, नांगर थांबला म्हणून पेरणी राहिली; त्यातच अवर्षण आणि टोळधाड. कुदळीने शेत खणणे हलके मानले जाई, म्हणून सम्राट दुसरे मेनेलिक यांनी स्वतः हाती कुदळ घेऊन जमीन खणली, अशी नोंद आहे. १८८८ ते १८९२ या दुष्काळात देशातील सुमारे एकतृतीयांश लोक दगावले, असे पुष्कळ अभ्यासक मानतात.

येथे फळ्यावर एक हिशेब मांडावा. गावात बैलांच्या ४० जोड्या आहेत व प्रत्येक जोडी हंगामात १० एकर नांगरते, असे धरावे. चारच जोड्या उरल्या, तर ४०० एकरांपैकी किती जमीन पेरली जाईल? उत्तर मुलांनीच काढावे. शिक्षकांनी घाई करू नये.

आपल्याकडेही बुळकांडीने पुष्कळ गुरे नेली. मुख्यतः गुरांच्या अशा साथींच्या अभ्यासासाठी १८८९ मध्ये पुण्यात प्रयोगशाळा निघाली व १८९३ मध्ये ती हिमालयात मुक्तेश्वर येथे गेली. रोगातून वाचलेल्या जनावराला तो पुन्हा होत नाही, या अनुभवावरच लशीचे काम उभे राहिले. १९५४ पासून भारतात लसीकरणाची देशव्यापी मोहीम चालली. १९९५ नंतर येथे रोगी जनावर आढळले नाही आणि २०११ मध्ये सारे जग बुळकांडीमुक्त जाहीर झाले. ही शिकवण्याजोगी बाजू अनेकदा राहून जाते.

२०२० मध्ये प्रकार उलटा घडला. करोनाची साथ माणसांत होती, गुरे धडधाकट होती. परंतु मार्चअखेर टाळेबंदी होऊन हॉटेले, चहाची दुकाने, मिठाईची दुकाने बंद पडली. गाय मात्र दोन वेळा दूध देतच होती. महाराष्ट्र शासनाने शिल्लक दूध विकत घेऊन त्याची भुकटी करण्याची योजना काढली. कोंबडी खाल्ल्याने करोना होतो, या निराधार अफवेने कुक्कुटपालकांचे त्याआधीच कंबरडे मोडले होते.

त्या उन्हाळ्यात घरच्या दुधाचे व कोंबड्यांचे काय केले, चारा-पेंड कोठून आणली, हे मुलांनी आईवडिलांना विचारून वहीत लिहून आणावे. बुळकांडीचे नाव ऐकलेले वृद्ध गावात असल्यास त्यांना एक दिवस वर्गात बोलवावे.