विश्वास पंगतींत दिसावा

रविवारीं मंदिरांत आम्ही विश्वासांगीकार म्हणतों. त्याची परीक्षा मात्र सोमवारीं, डब्याच्या वेळीं होते.

सन १८५२ मध्यें रेव्हरंड वाइल्डर ह्यांनीं कोल्हापुरांत मिशनकार्य आरंभिलें. तेव्हांपासून येथील मंडळी प्रभुभोजनांत एकाच भाकरीची वांटेकरी होत आली आहे. परंतु प्रभूच्या मेजापाशीं एक होणें सोपें. घरच्या चुलीपाशीं तें कठीण.

लक्ष्मीबाई टिळक ह्यांचें उदाहरण घ्या. सन १८९५ मध्यें त्यांचे पति नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले. पुढें त्यांजकडे राहावयास आल्यावरही बाईंनीं आपलें सोंवळें सोडलें नाहीं. मात्र जातिभेद देवाचा नसून मनुष्याचा आहे, हें मनास पटतांच, बाप्तिस्म्याची वाट न पाहतां, त्या सर्वांच्या हातचें अन्नपाणी घेऊं लागल्या. 'स्मृतिचित्रें' ह्या आत्मचरित्रांत त्यांनीं हा पालट स्वतःच प्रांजळपणें सांगितला आहे.

ह्याच शहरांत शाहू महाराजांनीं गंगाराम कांबळे ह्यांच्या दुकानचा चहा चारचौघांदेखत घेतला. महाराज आमच्या मंडळीचे सभासद नव्हते. मग एका भाकरीचे वांटेकरी म्हणविणाऱ्या आम्हीं सोयरीक जुळवितांना पूर्वजांची जात विचारावी काय? ज्या मूल्याचा आम्ही मुखानें अंगीकार करितों, तें हातांनीं मोडलें तर विश्वास उरला कोठें?

आज प्रत्येकानें स्वतःस विचारावें: कोणाच्या ताटाशेजारीं बसावयास आमचें मन कचरतें? उद्यां त्याच्याच शेजारीं जाऊन बसणें, हाच ह्या पाठाचा स्वाध्याय होय.